राहतात, संपतात

किरनापुर
१० नोव्हेंबर २०२५

चि. वैदेही,

आशीर्वाद आहेतच, ते प्रत्येक पत्रात नव्याने काढून देत नाही.

एरवी माझी पत्रं सुखराम कंडक्टर बसमधून तुला आणून देतो. आजचं पत्र आणणारा माणूस वेगळा आहे. तो माझा मित्र डोमाजी, सोबत त्याची बायको चंपाबाई. पत्र आणि पेशंट एकाच बसने येत आहेत, तेव्हा आधी पेशंट बघ आणि मग पत्र वाच.

त्याचा पाय बघायचा आहे. आषाढात धानाच्या रोवण्याच्या वेळी शेताच्या बांधीतल्या चिखलात पत्र्याचा तुकडा पोटरीत घुसला. चार महिने होत आले. जखम वरून पापुद्रा धरते आणि आतून पुन्हा पिकते. पहिल्या कॅप्सुला मीच दिल्या होत्या, घरात उरलेल्या. तीन दिवस पुरल्या, जखम सुकल्यासारखी दिसली, म्हणून पुढच्या आणल्या नाहीत. मग त्याने लांजीच्या रस्त्यावरच्या एकाकडून काही घेतल्या, वारासिवनीला मेहुण्याकडे गेला तिथून काही घेतल्या. आता ताप येतो. तुझी आई सांगत होती की तुमच्या हॉस्पिटलात तू जंतू ओळखायची खोली उघडली आहेस. मी छत्तीस वर्षं कंपाउंडर होतो. आमच्या काळी जंतू ओळखायची पद्धत एकच होती, औषध द्यायचं आणि माणूस बरा झाला तर औषध बरोबर होतं म्हणायचं.

आई पुन्हा विचारेल की मामा फोन का ठेवत नाही. मला बसचा भोंगा ऐकू येत नाही, फोन काय ऐकू येणार? आणि तुम्ही पोरं मेसेज लिहिता ते हिंदी बोलणं इंग्रजी अक्षरांत. ते वाचायला मला पुन्हा पहिलीत बसावं लागेल.

या डोमाजीचं एक सांगून ठेवतो. अख्ख्या जगात ज्याचं बोलणं मला धडपणे ऐकू येतं असा हा एकच माणूस उरला आहे. तरुणपणी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत दंडारीच्या नाचगाण्याला उभा राहिला की शेजारच्या गावाला कळायचं, आज डोमाजी गातो आहे. रोज संध्याकाळी दोन कोस चालत येतो आणि साऱ्या मुलखाची बातमी माझ्या उजव्या कानात ओततो. त्याचा पाय राहिला नाही तर माझ्या घरापर्यंत कोण चालत येणार, एवढंच लक्षात ठेव.

तुझा,
गुणाकरमामा

•

बालाघाट
१३ नोव्हेंबर

ती. मामांस,
वैदेहीचा वाकून नमस्कार.

डोमाजीमामा पोचले, हे सगळ्या वॉर्डाला एकदमच कळलं. तुम्ही आवाजाबद्दल लिहिलं होतं ते कमीच लिहिलं होतं.

डॉ. पटले आमचे सर्जन. त्यांनी जखम उघडून साफ केली. हाडापर्यंत पोचलेली नाही, पण पू आतल्या आत पसरतो आहे. आठवड्याभरात ताप उतरला नाही आणि सूज गुडघ्याकडे चढली, तर गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. हे त्यांनी हिंदीत सांगितलं आणि मी मराठीत सांगितलं. डोमाजीमामांनी दोन्ही वेळा मान हलवली. चंपामामी दुसऱ्या वेळी खाली बसल्या.

माझी खोली म्हणजे पूर्वीची चादरी ठेवायची कोठी. अजून तिला तीन महिने झालेले नाहीत आणि निम्म्या डॉक्टरांना वाटतं की मी तिथे बसून रांगोळ्या काढते. काम असं असतं: जखमेच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना घ्यायचा आणि बशीत जेलीसारखं खाद्य असतं त्यावर तो लावून उबेत ठेवायचा. विरजण लावतो तसंच. काल जंतू वाढून आले. आज ते नव्या बशीवर पसरून वर दहा औषधांच्या कागदी टिकल्या मांडल्या आहेत. ज्या टिकलीभोवती जंतू मरून स्वच्छ रिंगण पडेल ते औषध लागू. जिच्या अंगाला खेटून जंतू खुशाल वाढतील ते औषध वाया.

हा निकाल येईपर्यंत डॉक्टरांनी अंदाजाने चार औषधं दिली आहेत: दोन प्रकारच्या कॅप्सुला, एक गोळी आणि रोज एक इंजेक्शन. वॉर्डात ताजी ऑपरेशनं झालेले पेशंट आहेत आणि यांची जखम वाहते आहे, म्हणून तुमच्याकडे पाठवते. सुई टोचायला तुमच्याइतका हात कुणाचा बसलेला आहे?

रागावू नका मामा, पण उरलेल्या तीन दिवसांच्या कॅप्सुला म्हणजे जंतूंची तालीमच. ते मरत नाहीत, तयार होतात.

तुमची,
वैदेही

•

किरनापुर
१४ नोव्हेंबर

चि. वैदेही,

तालीम हा शब्द झोंबला. खरा आहे म्हणून जास्त झोंबला. तो विषय इथेच ठेव.

डोमाजीची खाट पुढच्या खोलीत टाकली आहे. चंपाबाईने स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि मला माझ्याच घरात मिठाचा डबा सापडेनासा झाला. औषधं वेळेवर चालू आहेत. काल संध्याकाळी एक सुई दिली, आज एक.

एक विचारायचं होतं. बाटलीवरचं नाव वाचलं, अ‍ॅमिकासिन. ही जात माझ्या ओळखीची आहे. ती द्यायलाच हवी का? एवढ्या कॅप्सुला आहेत, गोळी आहे, त्यांच्यावर भागत नाही का? सहज विचारतो. या प्रश्नाचं उत्तर मात्र विसरू नको.

मामा

•

बालाघाट
१५ नोव्हेंबर

ती. मामा,

घाईत लिहिते. निकाल आला, सोबत कागद आहे. दहा औषधांपैकी आठांपुढे आर हे अक्षर आहे, दोहोंपुढे एस. तुमच्याकडच्या चारही औषधांची नावं त्यात सापडतील. डॉ. पटले तीन दिवस जबलपूरला गेले आहेत. मी त्यांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, कागदाप्रमाणे करायला सांगा.

कागद इंग्रजीत आहे, म्हणून खाली सोप्या मराठीत लिहून देते:

आर – राहतात.
एस – संपतात.

बस. बाकी सविस्तर पुढच्या पत्रात, तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तरसुद्धा. सुखरामदादा फाटकात उभे आहेत आणि ड्रायव्हर हॉर्न देतो आहे.

वैदेही

•

किरनापुर
१८ नोव्हेंबर

चि. वैदेही,

कागद मिळाला आणि तुझं मराठी वाचून बरं वाटलं. छत्तीस वर्षांत वरून आलेला एकही हुकूम मला एका वाचनात समजला नव्हता. हा समजला.

त्याच दिवसापासून त्याप्रमाणे केलं आहे. ज्यांच्यापुढे आर आहे त्या कॅप्सुला आणि ती गोळी राहिल्या, घड्याळ लावून देतो आहे. सुईपुढे एस होता, ती संपली. उरलेल्या बाटल्या सुखरामच्या हाती परत पाठवतो, कुणा दुसऱ्याच्या कामी येतील. खरं सांगायचं तर डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं. तू पुढच्या पत्रात उत्तर देणार होतीस, त्याची आता गरज नाही.

ताप थोडा आहे, दुपारनंतर चढतो. कालपासून मांडीत ओढ लागते म्हणाला. बोलणं कमी केलं आहे, पडून असतो. त्याला विश्रांती हवीच होती. चंपाबाई सकाळी म्हणाली, "भाऊ, मले याचं लक्षण बरं नाई दिसत." मी तिला म्हणालो की कागद बालाघाटहून आला आहे, माझ्या मनाने काही करत नाही.

मंडई यंदा त्याच्याशिवाय झाली. त्याच्या जागी गाणाऱ्या पोराचं मला काही ऐकू आलं नाही.

मामा

•

बालाघाट
१८ नोव्हेंबर, सकाळी अकरा

मामा,

कॅप्सुला आणि गोळी बंद करा. आत्ता.

राहतात म्हणजे जंतू राहतात. संपतात म्हणजे जंतू संपतात. औषधं नाही, जंतू.

परतीची बस आधी सुटते आहे म्हणून ही चिठ्ठी पुढे पाठवते. गाडी मिळाली की पाठोपाठ मी येतेच. इंजेक्शनच्या बाटल्या माझ्याजवळ आहेत. डोमाजीमामांना पाणी पाजत राहा.

वैदेही

•

बालाघाट
२० नोव्हेंबर

ती. मामांस नमस्कार.

परवा गाडीत बोलता आलं नाही आणि काल तुम्ही न जेवता बसने परत गेलात. म्हणून तेव्हा जे बोलायचं राहिलं ते लिहिते.

चूक माझी आहे. डॉ. पटले जबलपूरहून आले तेव्हा मी सगळं सांगितलं आणि तुमच्याकडचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी माझ्या दोन ओळी कुणाकडून तरी दोनदा वाचून, समजून घेतल्या. मग एवढंच विचारलं, "इसमें जंतु शब्द कहाँ है?" तो नव्हताच. माझ्या डोळ्यांपुढे दिवसभर जंतूच असतात, मला वाटलं साऱ्या जगाच्या डोळ्यांपुढे तेच असतील. तुमच्या डोळ्यांपुढे औषधाच्या पुड्या होत्या. राहतात म्हटल्यावर तुम्ही पुड्या ठेवल्या. तुमच्या जागी कुणीही तेच केलं असतं. तीन दिवस डोमाजीमामांना नेमकी तीच औषधं मिळाली ज्यांच्यावर तो जंतू हसतो, आणि जे चालतं ते बंद राहिलं. हे मी हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनाही लिहून दिलं आहे. खोली बंद केली तर करोत.

आता प्रकृती. ते एकट्याच्या खोलीत आहेत. इंजेक्शन पुन्हा चालू झालं आणि एस असलेलं दुसरं औषध सलाईनमधून दिवसातून तीनदा देतो आहोत. लाली गुडघ्याच्या खाली दोन बोटांवर आली आहे. डॉक्टरांनी तिच्या काठाने पेनाने पायावर रेघ ओढली आहे. लाली रेघ ओलांडून वर गेली तर ऑपरेशन, खाली सरकली तर पाय राहिला. चंपामामी खाटेजवळ बसून ती रेघ बघत असतात. काल संध्याकाळी लाली रेघेवर होती. आज सकाळीही रेघेवरच आहे.

ते फारसं बोलत नाहीत. आज मला हळूच म्हणाले, "गुणाकर काहून नाई आला?" मी काय सांगू ते कळवा.

वैदेही

•

किरनापुर
२२ नोव्हेंबर

चि. वैदेही,

तू माझी बाजू घेऊ नको. मी लहान पोर नाही आणि कुणीही तेच केलं असतं हे खरं नाही.

'राहतात' वाचलं तेव्हा माझ्या मनात आलं होतं की कोण राहतात? छत्तीस वर्षं औषधं वाटलेल्या माणसाला एवढी शंका येते. सुखरामची बस रोज दोनदा जाते, एक चिठ्ठी लिहिली असती तर संध्याकाळी उत्तर आलं असतं. मी विचारलं नाही. कारण मला जे हवं होतं तेच त्या दोन शब्दांत बसत होतं, आणि विचारून ते हातचं घालवायचं नव्हतं. मला ती सुई बंद व्हायला हवी होती.

तुम्हा सगळ्यांना मी सांगत आलो की लहानपणी तापात माझे कान गेले. ते खोटं आहे. एकोणिसाव्या वर्षी मला छातीचं दुखणं झालं होतं. त्या काळी त्याचं नावसुद्धा घरात घेत नसत. नव्वद सुया लागल्या. निम्म्या झाल्या असतील तेव्हा कानात रातकिडे बोलायला लागले. मी कुणाला सांगितलं नाही, सुया बंद करतील आणि मी मरेन या भीतीने. मग एक दिवस उशाशी ठेवलेलं वडिलांचं चावीचं घड्याळ थांबलं. मी चावी दिली, तरी थांबलेलंच. उचलून पाहिलं तर काटा फिरत होता.

सुयांनी मला जगवलं, त्यांना मी दोष देत नाही. पण पुढे त्याच सुया मी शेकडो माणसांना टोचल्या आणि एकालाही विचारलं नाही की बाबा, कानात काही बोलतं का? तुझी अ‍ॅमिकासिन त्याच घराण्यातली आहे. डोमाजी बहिरा झाला तर गावातलं ऐकून येणार कोण आणि मला सांगणार कोण? मी त्याचा पाय एका बाजूला ठेवला आणि कान दुसऱ्या बाजूला, आणि त्याला न विचारता कान राखला. त्याचा कान माझ्या कामाचा होता म्हणून. मित्रासाठी केलं असं मी स्वतःला समजावत होतो. आता लिहून काढल्यावर दिसतं की मी ते माझ्यासाठी केलं.

गुणाकर काहून नाई आला म्हणतो, तर त्याला हे पत्र वाचून दाखव. सगळं. चंपाबाईसमोर वाच.

आणि पुढच्या वेळी कुणाला राहतात-संपतात लिहून देऊ नको. जंतूचं काय होतं ते तुझ्या बशीत राहू दे. ज्याच्या हातात पुडी आहे त्याला पुडीचं काय करायचं तेवढं सांग. आर – रद्द. एस – सुरू. कंपाउंडरला यापेक्षा जास्त कळत नाही.

मामा

•

बालाघाट
२५ नोव्हेंबर

ती. मामांस,
वैदेहीचा नमस्कार.

आधी बातमी. लाली रेघेच्या चार बोटं खाली आहे. ताप तीन दिवस नाही. डॉक्टर म्हणाले, पाय राहिला. चंपामामींनी ती रेघ धुऊ दिलेली नाही, म्हणतात आपोआप जाईल तेव्हा जाईल.

तुमचं पत्र मी दोघांसमोर वाचलं, एक अक्षर न गाळता.   मग मी त्यांना इंजेक्शनचं सगळं सांगितलं, जे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. वजन बघून डोस ठरतो, दहाच दिवस द्यायचं आहे, दर तीन दिवसांनी रक्त तपासून मूत्रपिंडाकडे लक्ष ठेवतो. तुमच्या नव्वद सुयांच्या मानाने धोका कमी, पण नाहीच असं मी म्हणणार नाही. आता तुम्हीच सांगा, देऊ की नको, असं विचारलं. ते म्हणाले, "पायाबिगर मी गुणाकरच्या घरी जाऊ नाई शकत, अन् कानाबिगर जाऊन उपेग नाई. तू सुई दे पोरी. कानात काई बोललं तं मी लपवीन नाई, सांगीन."

तुमच्याबद्दल एवढंच म्हणाले की त्याला सांग, भाजीत मीठ कमी घालतो ते मी अजून माफ केलेलं नाही, हे तर काहीच नाही.

मोठ्या डॉक्टरांनी खोली बंद केली नाही. उलट त्यांनी विचारलं की हा जंतू वॉर्डात आणखी कुणाला चिकटला आहे का. म्हणून साऱ्या वॉर्डाचे नमुने घेतले. हा जंतू आतड्यात घर करून बसतो, त्यामुळे काडी जिथे फिरवायची ती जागा अशी की लोक लाजतात. एका गृहस्थांनी चादर घट्ट ओढून घेतली आणि सोडेनात. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून आवाज आला, "अबे, कापसाची काडी हाये, नांगर नाई." सगळा वॉर्ड हसला आणि चादर सुटली. मामा, मला त्या हसण्यापेक्षा आवाज परत आल्याचा आनंद झाला.

अकरा जणांत दोघांकडे तोच जंतू निघाला. दोघांनाही काही त्रास नाही, तो नुसता जाऊन बसला आहे. जखमेत शिरण्याआधी सापडला हे महत्त्वाचं. मलमपट्टीच्या गाडीवर सगळ्यांना मिळून एकच कात्री होती, तिच्यावरून तो फिरला असावा. आता प्रत्येकाचं सामान वेगळं केलं आहे आणि दोन पेशंटच्या मध्ये हात धुतल्याशिवाय सिस्टर कुणाला पुढे जाऊ देत नाहीत, डॉ. पटल्यांनाही नाही.

तुमचे दोन शब्द मी डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, हे हिंदीतही बसतं, रद्द आणि शुरू. बाजारातून रबरी शिक्का करून आणला आहे. या पत्राच्या डोक्यावर निळं उमटलं आहे ते तेच. आता माझ्या खोलीतून बाहेर जाणारा प्रत्येक कागद हा शिक्का घेऊन जातो.

डोमाजीमामांना आज तुमच्याकडे पाठवते. सलाईनचं काम झालं, इंजेक्शनं आजचं धरून चार राहिली. तुम्हीच द्या. इथे कान तपासायचं यंत्र नाही. म्हणून रोज सुई झाली की तुमचं ते चावीचं घड्याळ त्यांच्या दोन्ही कानांना लावून विचारा. नंतरही पंधरा दिवस विचारत राहा, कधी कधी परिणाम उशिरा दिसतो. काही वेगळं वाटलं तर लगेच कळवा.

तुमची,
वैदेही

•

किरनापुर
२९ नोव्हेंबर, सकाळी

चि. वैदेही,

ज्याची भीती होती ते झालं. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, तिन्ही दिवस घड्याळ दोन्ही कानांना ऐकू आलं, वहीत लिहून ठेवलं आहे. काल शेवटची सुई झाली. त्या आनंदात चंपाबाईने गोड केलं, बारा माणसं भेटायला आली, आणि घड्याळ राहून गेलं. आज सकाळी लावलं. उजव्या कानाला नाही म्हणाला. डाव्याला लावलं, तरी नाही. पुन्हा दाबून लावलं. नाहीच. कानात किडे बोलतात का विचारलं तर नाही म्हणतो, पण मीही तसंच म्हणत होतो.

तो खाटेवर बसून माझ्याकडे बघून हसतो आहे, मला वाईट वाटू नये म्हणून. मी अंगणात येऊन हे लिहितो आहे. चंपाबाई मळणीसाठी त्यांच्या गावी गेली आहे, तिला मी काय सांगू? सुखराम ओट्यावर थांबला आहे. काय करायचं ते याच बसच्या परतीला कळव.

मामा

•

बालाघाट
२९ नोव्हेंबर, दुपारी

मामा,

घाबरू नका. डॉ. पटल्यांशी बोलले. उद्या त्यांना घेऊन या, गोंदियाला कान तपासायची सोय आहे, तिथे मी सोबत येते.

पण त्याआधी एक करा. सुखरामदादा म्हणाले की तुम्ही अंगणात बसून पत्र लिहीत होतात तेव्हा डोमाजीमामांनी त्यांना आतून हाक मारून विचारलं, बस आज उशिरा काहून आली. दादा ओट्यावरूनच पुटपुटले की टायर बसला होता, आणि त्यावर डोमाजीमामांनी आतून त्यांची टिंगल केली. म्हणजे पुटपुटणं त्यांना ऐकू आलं.

मामा, घड्याळ चालू होतं का?

वैदेही

•

किरनापुर
३० नोव्हेंबर

चि. वैदेही,

आम्ही आजच्या बसमध्ये नव्हतो हे तुझ्या लक्षात आलंच असेल. गोंदियाची गरज पडली नाही.

घड्याळ बंद होतं. अठ्ठावीस तारखेच्या त्या गोडधोडाच्या गडबडीत मी त्याला चावी द्यायला विसरलो होतो. वेळेसाठी मी ते बघतच नाही, माझी वेळ सुखरामच्या बसवर चालते. घड्याळ फक्त डोमाजीच्या कानासाठी खुंटीवरून काढतो आणि तबकडी त्याच्या कानाकडे करून धरतो. त्यामुळे काटा मला दिसत नाही आणि आवाजाचं तर विचारूच नको. एकदा चालणारं घड्याळ मी बंद समजलो होतो, या खेपेला बंद घड्याळ चालू समजलो. बावन्न वर्षांत माझी प्रगती एवढीच.

तुझी चिठ्ठी वाचून मी चावी दिली.  घड्याळ त्याच्या उजव्या कानाला लावलं. त्याने डोळे मिटले आणि मग त्या त्याच्या मंडईतल्या आवाजात म्हणाला, "हौ गुणाकर, आता चालू हाये. मंग सकाळी मले काहून इचारत होता, बंद घड्याळ आयकू येते का म्हनून?" मी त्याला म्हणालो की गाढवा, घड्याळाचा काटा तुझ्या नाकासमोरून गेला होता, तेव्हाच का नाही सांगितलंस? तर म्हणतो, तू इतक्या गंभीर तोंडाने लावत होतास, मला वाटलं डॉक्टरीत असंच असेल.

डावा कानही झाला. तोही चांगला आहे. वहीत लिहिलं आहे.

नंतर मी घड्याळ काढून घ्यायला हात पुढे केला तर त्याने दिलं नाही. ते कानाशी धरूनच ठेवलं, दुसऱ्या हाताने माझा हात ओढून मांडीवर घेतला आणि माझ्या तळव्यावर बोटाने टकटक करायला लागला. आधी मला कळेना की हा काय करतो आहे. मग कळलं. घड्याळ फार घाईचं आहे, डोमाजीचं जाड बोट त्या टिकटिकीच्या सारखं मागे पडत होतं आणि तो पुन्हा धावून गाठत होता. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, चंपाबाई मळणीवरून येईपर्यंत.

पायावरची रेघ अजून थोडी दिसते. पोटरीची जखम तळापासून भरत येते आहे, या खेपेला वरून नाही. उद्यापासून तो अंगणात काठी घेऊन चालणार आहे आणि महिन्याभरात स्वतःच्या पायाने संध्याकाळी माझ्याकडे येणार आहे, असं त्यानेच जाहीर केलं. ते सुखरामने रस्त्यावरून ऐकलं.

तुझा शिक्का चांगला उमटला आहे, फक्त 'सुरू'मधला दुसरा उकार दीर्घ आहे ना ते नीट बघून घे. माझ्याकडच्या उरलेल्या सगळ्या कॅप्सुला आणि गोळ्या एका पिशवीत घालून सुखरामच्या हाती पाठवतो आहे. त्या तुमच्या पद्धतीप्रमाणे नष्ट कर. पिशवीवर मी शाईने एकच अक्षर लिहिलं आहे, आर.

घड्याळाला आता मी रोज सकाळी चावी देतो.

तुझा,
गुणाकरमामा